गाडी खाली घ्या, पण पाट्यांचा हिशेब करून

(जिल्हा बैठकीतील भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



कापसाच्या भावावर बोलायला या मांडवात बरेच जण बसले आहेत. आम्हाला आज वेगळ्या गोष्टीवर बोलायचे आहे. कापूस घरच्या ओसरीतून निघतो आणि जिनिंगच्या काट्यावर पोचतो, या मधल्या वाटेवर. एकेकाळी ही वाट बंडीने चालायची. आता गावागावात पिकअप उभी आहे. कर्ज काढून घेतलेली असते, आणि घरच्या मालापेक्षा दुसऱ्याच्या मालाच्या भाड्यावरच तिचा हप्ता फिटतो.

गेल्या हंगामापासून आमच्याकडे एक प्रश्न फार येतो. "साहेब, गाडी मागून फार उंच आहे. पाटे काढून खाली बसवली तर चालेल का? पासिंग तेवढेच राहील ना?" विचारणारे तीन तऱ्हेचे. पहिली तरणी पोरे. त्यांनी मोबाइलवर अमेरिकेतल्या जमिनीला टेकलेल्या पिकअप पाहिलेल्या असतात. दुसरे ज्यांच्या घरची माणसे गाठोडी खांद्यावरून हौद्यात चढवून थकली आहेत ते. तिसरे ज्यांची किंवा ज्यांच्या शेजाऱ्याची कडब्याची गाडी वळणावर आडवी झाली आहे ते. प्रश्न एकच असला तरी तिघांची गरज निराळी आहे, म्हणून उत्तरही एकच देता येत नाही.

कृषी महाविद्यालयात आम्हाला नांगराच्या फाळाचा कोन शिकवला, बैलाची ओढ किती किलो ते शिकवले. माल वाहणारी गाडी मात्र अभ्यासक्रमात कुठे नव्हती. पीक तयार झाले की शेतीशास्त्र संपते, असे आमच्या विद्यापीठांना वाटत असावे. शेतकऱ्याचा तोटा तर तिथूनच सुरू होतो. असो. पाट्यांचे शास्त्र काही अवघड नाही. ज्याने बंडी भरली आहे, त्याला ते निम्मे आधीच कळलेले आहे.

रिकामी पिकअप बाजूने पाहा. मागचा भाग वर, तोंड किंचित खाली. पोरांना हा दोष वाटतो. सुगीच्या आधी घरातली कणगी रिकामी असते म्हणून कोणी ती कापून लहान करत नाही. मागची ती उंची तशीच कणगी आहे. भार चढला की पाटे दबावेत आणि गाडी समतल व्हावी, म्हणून कारखान्याने ती राखून ठेवलेली असते.

हिशेबासाठी एक उदाहरण धरू. आकडे तुमच्या गाडीचे नाहीत, तुमचे तुम्ही टेपने मोजायचे. रिकाम्या गाडीत मागच्या एक्सलपासून वर चासीसला लावलेल्या बंप रबरपर्यंत १५ सेंटीमीटर मोकळे आहे. पासिंगइतका पूर्ण भार टाकला की पाटे १० सेंटीमीटर दबतात. उरले ५. हे ५ सेंटीमीटर खड्ड्यासाठी. चाक खड्ड्यातून उसळून वर येते तेव्हा ते एवढ्यातच मावले पाहिजे. नाही मावले तर एक्सल रबरवर आदळतो आणि धक्का सरळ चासीसला जातो. पुढे चासीसला चीर जाते, पाटा तुटतो, मध्यरात्री गाडी रस्त्यात उभी राहते आणि वर कापूस असतो.

आता मिस्त्रीचा सगळ्यात स्वस्त उपाय पाहा. सहा पाट्यांतले दोन काढून टाका, गाडी आपोआप खाली बसते. बसते हे खरे. पण सहा बैलांचे ओझे आता चौघे ओढणार. पाट्यांची जाडी सारखी धरली तर राहिलेल्या प्रत्येक पाट्यावर ताण दीडपट झाला. जो भार आधी १० सेंटीमीटर दाबायचा तोच आता १५ दाबणार. गाडी रिकामी असतानाच ५ सेंटीमीटर खाली आली असेल, तर मोकळी जागा उरली १० आणि लागणार १५. पूर्ण भार चढायच्या आतच एक्सल रबरला टेकला! आर.सी. बुकात पासिंग तेवढेच छापलेले राहील, गाडीत मात्र ते राहिलेले नाही.

दुसरा उपाय लोहाराचा. पाटा भट्टीत लाल करायचा, ठोकून सरळ करायचा. इथे आम्ही विळ्याची आठवण देतो. विळ्याच्या पात्याला लोहार पाणी पाजतो, तेव्हा त्याची धार टिकते. तोच विळा पुन्हा चुलीत पडला तर धार कायमची जाते, हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. पाट्याचे पोलाद सिलिकॉन किंवा क्रोमियम मिसळलेले असते. कारखान्यात ते तापवून तेलात विझवतात आणि मग मोजक्या उष्णतेवर पुन्हा शेकतात, त्यातून त्याला लवचिकपणा येतो. भट्टीत अर्धा पाटा लाल आणि अर्धा काळा अशा अवस्थेत तो ठोकला की एका जागी मऊ होतो, दुसऱ्या जागी काचेसारखा ठिसूळ. तो कधी तुटेल हे ठोकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. म्हणून पाट्याला आग लावू देऊ नका. पाट्याला वेल्डिंग तर मुळीच नको.

मग गाडी खाली घेण्याचा रस्ता कोणता? ताकद पाट्यात आहे. ती पाट्यांची संख्या, जाडी, रुंदी, लांबी आणि पोलादाला पाजलेले पाणी यांवर ठरते. उंची ठरते ती पाट्याच्या कमानीवर आणि पाटा एक्सलला व चासीसला कुठे बांधला आहे यावर. ताकदीला हात न लावता जोड बदलायचा, एवढे या विद्येचे सार आहे.

गाडीखाली वाकून पाहा, पाटे एक्सलच्या वर आहेत की खाली. पाटे खाली असतील तर पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू बोल्टने आवळले की गाडी ठोकळ्याच्या जाडीइतकी खाली येते. पाटे वर असतील तर तोच ठोकळा गाडीला उंच करतो. आमच्या माहितीतल्या एकाने नेमका असाच पैसा खर्चून गाडी दोन इंच वर नेली. पाटे वर असलेल्या गाड्यांचा एक्सल अमेरिकेत पाट्यांच्या वर घेतात. एक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या थराची जाडी मिळून पाच-सहा इंच गाडी एकदम उतरते. पाटे जसेच्या तसे, त्यांची ताकद तशीच. पण मग एक्सलला वर उसळायला जागा राहत नाही, म्हणून चासीसची पट्टी त्या जागी कापून कमानीसारखा जाड तुकडा बसवावा लागतो. शिवाय पाटे आणि यू बोल्टची खालची प्लेट आता एक्सलच्याही खाली लोंबते. तिकडच्या डांबरी रस्त्यावर ते खपते. आपल्या काळ्या मातीच्या पांदणीत, ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीत, ती प्लेट पहिल्या पावसातच नांगराचे काम करील.

तिसरी जागा शॅकलची, म्हणजे पाट्याचे मागचे टोक चासीसला जिथे झुलते ती. हे टोक जितके वर जाईल त्याच्या निम्मी गाडी खाली येते. टोक ४ सेंटीमीटर हलवले तर गाडी २ उतरते. बदल लहान आहे, पण पाटा शाबूत राहतो. चौथा रस्ता म्हणजे तेवढ्याच संख्येचा, तेवढ्याच जाडीचा पण कमी कमानीचा नवा संच. आमच्या मते आपल्याकडे करण्याजोगा तोच. महाग आहे, हे मान्य.

पण थांबा. पाटे तेवढ्याच ताकदीचे ठेवून गाडी ५ सेंटीमीटर उतरवली, तर आपल्या उदाहरणात काय होते? १५ मधून ५ गेले, उरले १०. भार दाबणार १०. खड्ड्यासाठी उरले शून्य. म्हणजे पाट्याची ताकद पूर्ण असूनही भार पूर्ण वाहता येत नाही. भार तेवढाच वाहायचा तर पाटे जास्त ताठ हवेत. समजा जाडी ८ मिलीमीटरऐवजी साडेनऊ केली. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून एवढ्याशा फरकाने तो जवळजवळ पावणेदोनपट होतो. आता भार ६ सेंटीमीटरच दाबणार. १५ मधून ५ गेले, ६ गेले, उरले ४. चालण्यासारखे आहे.

आता भरलेल्या गाडीची उंची मोजा. पूर्वी रिकाम्या उंचीपासून भरलेली गाडी १० सेंटीमीटर खाली यायची. आता ५ आणि ६ मिळून ११ येते. एवढा खटाटोप करून भरलेली गाडी रस्त्यावर फक्त १ सेंटीमीटर खाली आली! फायदा झाला तो रिकामी गाडी अंगणात उभी असताना. हौदा ५ सेंटीमीटर खाली, म्हणजे गाठोडे चढवणाऱ्याच्या खांद्याला तेवढा आराम. हा फायदा लहान नाही. दिवसभरात दीडशे गाठोडी चढवणाऱ्याला विचारा. पण गाडी उलटू नये म्हणून कोणी हा खर्च करत असेल, तर त्याचे पैसे वाया गेले असे आम्ही स्पष्ट सांगू. ताठ पाट्यांची रिकामी गाडी खडखडते, उड्या मारते, तेही सोसावे लागेल.

आणि एक विसरू नका. आपल्या भागातल्या कितीतरी पिकअप उंच आहेत त्या कारखान्याने केल्या म्हणून नाहीत. गाडी शोरूममधून निघाली की आधी पाटेवाल्याकडे जाते. "दोन पाटे वाढवून द्या, माल जास्त येतो." पाटे वाढवले, गाडी मागून चढली, आणि आता तोच मालक विचारतो की खाली कशी घेऊ. त्याने आपले वाढवलेले दोन पाटे काढावेत, गाडी फुकटात खाली येईल आणि पासिंग होते तेवढे राहील. पाटे वाढवल्याने एक्सल, हब, बेअरिंग, टायर, ब्रेक यांची ताकद काडीची वाढत नाही. बंडीला आख तोच ठेवून साटा मोठा केला तर काय होते, हे आपल्या आज्याला माहीत होते. ज्यांना जादा आधार हवाच आहे, त्यांनी कंपनीने त्याच गाडीसाठी दिलेला मदतीचा पाटा बसवावा. तो रिकाम्या गाडीत मोकळा राहतो आणि भार आल्यावरच टेकतो, म्हणून उंची फारशी वाढवत नाही.

आता उलटण्याविषयी. बंडी मागे जड झाली की उलाळ होते आणि बैलांच्या मानेवरून जू उचलते, हे पोरालाही कळते. पिकअप आडवी कशी पडते ते मात्र दिसत नाही, म्हणून आकडे देतो. मागच्या दोन चाकांमधले अंतर १४० सेंटीमीटर धरा, त्याचे निम्मे ७०. रिकामी गाडी १७ क्विंटल, तिच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ७५ सेंटीमीटरवर. हौदा ८५ सेंटीमीटर उंच. त्यावर १२ क्विंटल कडबा, थर साडेनऊ फूट. गाडी आणि कडबा मिळून वजनाचा मध्य येतो १४० सेंटीमीटरवर. अशी गाडी ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर, कागदावरच्या हिशेबाने, ताशी ४४ किलोमीटरला चाक उचलते. गाडी खाली घेऊन तो मध्य पुरता १० सेंटीमीटर उतरला असे धरले, तर हा आकडा होतो ४५. एका किलोमीटरचा फरक! गाडीला हात न लावता तिसरा हिस्सा पेंढ्या उतरवल्या, तर मध्य ११० वर येतो आणि आकडा जातो ४९ वर. रस्त्यावर यातला कोणताच आकडा मिळत नाही. पाटे एका बाजूला दबतात, पेंढ्या सरकतात, वळणावर खड्डा असतो. चाक त्याच्या बरेच आधी उचलते. काढलेल्या किंवा मऊ पाट्यांची गाडी वळणावर जास्त कलते, म्हणजे पाटे काढून खाली घेतलेली गाडी जास्त सुरक्षित हा समज उलटाच आहे.

कापसाचे थोडे वेगळे. तो जाळीत तुडवून भरतात, सरकत कमी. पण टपाच्या वर जाळी बांधून भरला की उंचीचा हिशेब कडब्याचाच.

ब्रेकची एक गोष्ट मिस्त्रीसुद्धा विसरतात. अनेक पिकअपांत मागच्या एक्सलपासून चासीसवरच्या एका झडपेपर्यंत बारीक दांडी असते. भार चढून गाडी दबली की ही दांडी झडपेला सांगते, गाडी भरली आहे, मागच्या चाकांना जास्त ब्रेक दे. गाडी खाली घेतली आणि ही दांडी नव्याने जुळवली नाही, तर रिकामी गाडीही झडपेला भरलेली वाटते. पावसाच्या भुरभुरीत रिकाम्या गाडीचा ब्रेक दाबला की मागची चाके जाम होतात आणि गाडी फिरते. उलट वाढवलेल्या पाट्यांनी भरलेली गाडी दबतच नाही, झडपेला ती रिकामी वाटते आणि मागे ब्रेक कमी मिळतो. पाट्याचे काम केले की ही दांडी जुळवून घ्या. प्रोपेलर शाफ्टचा कोनही तपासा, नाहीतर दोन महिन्यांत क्रॉस जातो. हेडलाइट पुन्हा लावून घ्या.

कायद्याचेही सांगतो, कारण दंड शेवटी कापसातूनच जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने नोंदवलेल्या रचनेत मालकाला परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही ठेवले. जादा वजनाला २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. माल हौद्याच्या बाजूने किंवा ठरलेल्या उंचीबाहेर गेला तर कायद्यात वेगळे २०,०००. कडब्याची गाडी या शेवटच्या कलमात अलगद सापडते. चासीस कापणे, एक्सलची जागा बदलणे हे परिवहन कार्यालयाला लेखी विचारल्याशिवाय करू नका. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा अडवायला असा बदल पुरेसा असतो. कायदे करणाऱ्यांना पांदण माहीत नाही, ही तक्रार आम्हीही करतो. पण गाडी आडवी पडली की त्या तक्रारीने पाय जोडून येत नाही.

ज्यांना हौदा खालीच हवा आहे आणि माल थोडा आहे, त्यांनी गाडी घेतानाच विचार करावा. टाटा एस, आपला छोटा हत्ती, २००५ मध्ये आला. त्याचा हौदा खाली आहे, कारण त्याची चाके १२ इंची आहेत. पण चाक लहान झाले की एक्सलचा मधला गोळा जमिनीजवळ येतो आणि काळ्या चिखलात तोच आधी रुततो. पाट्याने किंवा ठोकळ्याने गाडी उतरवली तर गोळ्याची उंची बदलत नाही, खाली येते ती चासीस, डिझेलची टाकी आणि मागे लटकलेली स्टेपनी. रस्ता कसला आहे ते पाहून निवडा.

बहिणींसाठी एक वेगळे सांगायचे आहे. वेचणीला जाताना तुम्ही याच गाड्यांच्या हौद्यात उभ्या असता, आणि परतताना कधी कापसाच्या वर बसता. वर सांगितलेला मध्य तुमच्यामुळे आणखी वर जातो, आणि तुम्ही पेंढीसारख्या दोराने बांधलेल्या नसता. मालाच्या गाडीत माणसे भरायला कायद्याने मनाई आहेच. ज्या गाडीचे पाटे काढले किंवा वाढवले आहेत, तिच्या हौद्यात पाय ठेवू नका. मालक गावचा असला, नात्यातला असला, तरी विचारा, "दादा, पाटे किती आहेत?" त्याने रागवावे, चालेल.

मांडवाबाहेर आज बऱ्याच पिकअप उभ्या आहेत. आम्ही टेप, खडू आणि बॅटरी आणली आहे. चहा झाला की प्रत्येक गाडीखाली वाकून तीन गोष्टी लिहून घेऊ: पाटे किती, एक्सलच्या वर की खाली, आणि बंप रबरपर्यंत जागा किती. मालकांनी गाडीची चावी घेऊन यावे, आणि आर.सी. बुकही.